बेटावर जे जे उतरलं

लॉस एंजेलिसहून किनाऱ्याच्या कडेकडेनं वायव्येला शंभरेक किलोमीटर गेलं की व्हेंचुरा बंदर लागतं. हवा स्वच्छ असली तर बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरूनच समुद्रात निळसर डोंगरांची एक रांग दिसते. ही चॅनल आयलंड्स. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर अशी आठ बेटं आहेत. त्यांपैकी अनाकापा, सांता क्रूझ, सांता रोझा, सान मिगेल आणि सांता बार्बरा या पाचांचं मिळून १९८० साली राष्ट्रीय उद्यान झालं. एवढ्या अफाट वस्तीच्या शेजारी असूनही इथे गर्दी होत नाही. जायला पूल नाही, गाडी चढवता येईल अशी फेरीबोट नाही. पोचल्यावर हॉटेल नाही, दुकान नाही, चहाची टपरीही नाही. रात्र काढायची तर तंबू न्यायचा आणि खाण्याचं सगळं स्वतः वाहायचं.

पाचांतलं सांता क्रूझ सर्वांत मोठं. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, सर्वांत उंच शिखर ७४७ मीटर. बेटाचा पूर्वेकडचा साधारण चौथा हिस्सा राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे आणि उरलेला ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या मालकीचा. मुक्कामाची मुख्य जागा पूर्व टोकाजवळ, स्कॉर्पियन नावाच्या खाडीत.

माझा भाचा लॉस एंजेलिसजवळ राहतो. त्याच्या आणि भाचेसुनेच्या बरोबर मार्चअखेरीस मी या बेटावर राहून आले. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे मार्चमध्ये डोंगर हिरवे असतात. जूननंतर तेच डोंगर वाळक्या गवतानं पिवळे पडतात आणि सकाळी बराच वेळ धुक्यात बुडालेले असतात. जायचं ठरवणाऱ्यानं एक क्रम पाळावा : आधी बोटीची जागा मिळते का ते बघावं आणि मगच तंबूची जागा राखून ठेवावी. व्हेंचुराहून ‘आयलंड पॅकर्स’च्या बोटी १९६८ पासून ये-जा करतात. सुट्टीच्या दिवसांतल्या फेऱ्या फार आधी भरतात, आणि बोट नसेल तर तंबूच्या जागेची पावती हातात असून उपयोग नाही.

सामान भरताना भाच्यानं दोन गोष्टींवर फार कटाक्ष ठेवला. “मावशी, तंबू अंगणात पसरून झाडून घेऊ. आणि बुटांच्या तळव्यातली माती ब्रशनं काढा.” लाडवांचा डबा मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवणार होते, तेव्हा भाचेसून म्हणाली, “खोकं नको, बोटीवर घेत नाहीत.” उद्यानाचा नियमच तसा आहे. पन्हळी पुठ्ठ्याची खोकी, जळाऊ लाकूड, साल न काढलेली काठी, कुंडीतलं झाड, ताजी तोडलेली फुलं, माती लागलेली अवजारं आणि सायकल यांतलं काहीही बेटावर न्यायचं नाही. पुठ्ठ्याच्या पन्हळीत मुंग्या लपतात, लाकडात किडे आणि बुरशी, मातीत बिया.

ही काळजी अनुभवातून आलेली आहे. सांता क्रूझवर अर्जेंटाइन जातीच्या मुंग्यांनी शिरकाव केल्याचं १९९६ मध्ये लक्षात आलं. त्या स्थानिक मुंग्यांना हुसकतात आणि त्यांचा नायनाट करायला वर्षानुवर्षं लागतात. शेजारच्या अनाकापावर जहाजांतून उंदीर आले होते. समुद्री पक्षी तिथल्या कपारींत अंडी घालत आणि उंदीर ती खात. २००१-०२ मध्ये उंदीर संपवल्यावर पक्ष्यांची घरटी पुन्हा भरू लागली. ही बेटं मुख्य भूमीला कधीच जोडलेली नव्हती. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा उत्तरेकडची चार बेटं एकमेकांना जोडून एकच मोठं बेट झालं होतं, पण किनारा आणि बेट यांच्यामध्ये पाणी तेव्हाही होतं. त्यामुळे इथे जे जे आहे ते पोहत, उडत, वाहत किंवा कुणाच्या तरी होडीतून आलेलं. बेटावर राहिले तेवढा वेळ माझ्या मनात हाच हिशेब चालू होता : यातलं काय कधी उतरलं, कुणी उतरवलं, आणि उतरवल्यावर काय झालं.

बोटीचा प्रवास साधारण तासाभराचा. स्वयंपाकाच्या छोट्या गॅसची डबी सामानातून काढून वेगळी द्यावी लागते. बंदराबाहेर पडल्यावर पहिला अर्धा तास वाऱ्याचा आणि लाटांचा. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी आणि मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत, क्षितिजाकडे बघत उभं राहावं. वाटेत पाण्यात उभे तेलाचे फलाट दिसतात. किनारा आणि बेटं यांच्यामधल्या याच सामुद्रधुनीत पश्चिमेकडे २८ जानेवारी १९६९ रोजी अशाच एका फलाटाखालची विहीर फुटली आणि किनारे तेलानं काळे झाले. अमेरिकेतल्या पर्यावरणाच्या चळवळीला त्या घटनेनं मोठा रेटा दिला. फलाटांच्या लोखंडी पायांवर आता सी-लायन पहुडलेले असतात.

त्यानंतर डॉल्फिन आले. एकदोन नव्हेत, पाण्याचा सगळा पट्टाच उसळत होता. कप्तानानं वेग कमी केला आणि ते बोटीच्या नाळेपुढे आडवेतिडवे खेळू लागले. या सामुद्रधुनीकाठचे आदिवासी म्हणजे चुमाश लोक, आणि डॉल्फिन हे त्यांचे भाऊबंद. त्यांची कथा अशी : पृथ्वीमाता हुताशनं पहिली माणसं याच बेटावर घडवली. बेट भरून गेलं तेव्हा तिनं मुख्य भूमीपर्यंत इंद्रधनुष्याचा पूल टाकला. चालताना ज्यांनी खाली पाहिलं ते धुक्यातून समुद्रात पडले, आणि बुडू नयेत म्हणून हुताशनं त्यांचे डॉल्फिन केले. बेटाचं चुमाश नाव लिमू. हे माहीत असताना डॉल्फिन बघणं निराळं होतं. डेकवरची पोरं ओरडत होती, आणि मला वाटत होतं की यांना आधी नमस्कार करावा.

स्कॉर्पियनच्या धक्क्यावर उतरलं की सगळे हात लावून सामान उतरवतात. तिथून तंबूच्या जागा अर्धा मैल ते थोड्या अधिक अंतरावर, दरीच्या आत. हमाल नाही, गाडी नाही. सामान दोन खेपांत न्यावं लागलं तरी चालेल, पण पिशव्या पाठीवर घेता येतील अशाच असाव्यात. चाकांच्या बॅगेचे त्या कच्च्या वाटेवर हाल होतात. पिण्याच्या पाण्याचा नळ स्कॉर्पियनला आहे, हे मोठं सुख. बेटावरच्या दुसऱ्या, डोंगरातल्या मुक्कामाच्या जागी पाणीही वाहून न्यावं लागतं. प्रत्येक जागी एक बाकडं-टेबल आणि एक लोखंडी पेटी. संडास खड्ड्याचे. शेकोटी पेटवायला बंदी, कारण वाळलं गवत आणि वारा. कचऱ्याची पेटी कुठेच नाही. संत्र्याच्या सालीपासून चहाच्या चोथ्यापर्यंत सगळं पिशवीत बांधून परत न्यायचं.

तंबू लावायचे ते निलगिरीच्या सावलीत. ही झाडंही माणसांनी आणलेली. १८८० च्या दशकात जस्टिनियन केअर नावाच्या, मूळच्या फ्रेंच व्यापाऱ्याच्या हातात हे बेट होतं. त्यानं इथे मेंढ्या पाळल्या, गहू पेरला, द्राक्षांचे मळे लावून दारू गाळली, ठिकठिकाणी वाड्या वसवल्या. स्कॉर्पियनचं जुनं घर आजही उभं आहे आणि त्यात आता छोटं माहिती केंद्र आहे. आवारात गंजलेली शेतीची अवजारं ओळीनं मांडून ठेवलेली आहेत. केअरचे वंशज पूर्व टोकाला १९९७ पर्यंत होते; त्या साली ही जमीन सरकारनं पूर्णपणे उद्यानात घेतली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत या पूर्व टोकावरून नऊ हजारांहून अधिक मेंढ्या बाहेर काढल्या. दीडेकशे वर्षं मेंढ्यांनी झुडपं ओरबाडल्यामुळे कित्येक उतार उघडेबोडके झाले होते. अजूनही दरीच्या तळाशी आणि सपाटीवर परक्या गवताचंच राज्य आहे. जिथे मेंढ्या पोचू शकल्या नाहीत अशा कड्यांवर स्थानिक झुडपं तगली आणि तिथून ती आता हळूहळू खाली उतरताहेत.

दुपारी चारच्या सुमाराला दिवसभराच्या सहलीला आलेली मंडळी शेवटच्या बोटीनं परतली. तंबूवाले तेवढे उरलो. बेट खऱ्या अर्थानं बघायचं तर राहायलाच हवं, हे माझं मत तेव्हापासून पक्कं झालं. दिवसाचा पाहुणा घड्याळाकडे बघत चालतो आणि खोकडाचा फोटो काढून धक्क्याकडे पळतो. संध्याकाळी आम्ही टेबलावर भाजणीचं पीठ भिजवत बसलो असताना खोकड आमच्याकडे आलं.

आपल्या माळरानावर खोकड दिसतं, पण लांबून आणि क्षणभर. हे सरळ पेटीपाशी येऊन उभं. मांजराएवढं, वजन जेमतेम दोन किलो, पाठ राखाडी, कान आणि मान तांबूस, शेपटीवर काळा पट्टा. त्याच्या गळ्यात रेडिओची पट्टी होती. पिठाचा वास घेत ते टेबलाभोवती फिरलं. इथली खोकडं आणि डोमकावळे पिशवीच्या चेनही उघडतात. म्हणून ती लोखंडी पेटी. खायला घालायचं नाही, लाडूचा कणही खाली सांडू द्यायचा नाही. भाचेसुनेनं पिठाचा डबा पेटीत ठेवून कडी लावली तेव्हा ते दरीच्या झाडीत निघून गेलं.

या प्राण्याची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण या बेटाची सगळी गोष्ट तीत आली. जगात हे खोकड फक्त याच बेटमालिकेच्या सहा बेटांवर आहे, आणि प्रत्येक बेटावर त्याची स्वतंत्र उपजात आहे. दक्षिणेकडच्या बेटांवर ते आदिवासींच्या होड्यांतून पोचलं असं मानतात. सांता क्रूझवर १९९४ च्या सुमारास अशी दीडेक हजार खोकडं होती. पाच-सहा वर्षांत शंभरही उरली नाहीत. शेजारच्या सान मिगेल आणि सांता रोझावर तर प्रत्येकी पंधरा.

मारत होते सोनेरी गरुड. पण ते इथले नव्हेत. इथे पूर्वी पांढऱ्या डोक्याचे बाल्ड ईगल होते. ते मुख्यतः मासे आणि मेलेलं खातात, खोकडांना फारसा त्रास देत नाहीत, आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या गरुडाला टिकू देत नाहीत. लॉस एंजेलिसजवळच्या कारखान्यातलं डीडीटी वर्षानुवर्षं गटारांवाटे समुद्रात गेलं, माशांत साठलं, आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आई उबवायला बसली की अंडं फुटे. १९७० साली अनाकापावर पेलिकनांच्या साडेपाचशेहून अधिक घरट्यांतून एकच पिल्लू जगलं. बाल्ड ईगल तर बेटांवरून नाहीसेच झाले. राखणदार गेला आणि १९९० च्या दशकात मुख्य भूमीवरचे सोनेरी गरुड इथे येऊन घरटी करू लागले. त्यांना बारा महिने खाणं पुरवलं रानडुकरांनी. एकोणिसाव्या शतकात माणसांनी आणलेल्या पाळीव डुकरांतून ती रानटी झाली होती. डुकरांची पिल्लं गरुडांचं मुख्य अन्न, आणि दिवसाढवळ्या उघड्यावर फिरणारं खोकड हे तोंडीलावणं. मेंढ्यांनी झुडपं खाल्ल्यामुळे लपायलाही जागा उरली नव्हती.

दोष एकाचा नव्हता, त्यामुळे उपायही एक पुरणार नव्हता. उरलेल्या खोकडांपैकी काही पकडून बेटावरच कुंपणात त्यांची वीण सुरू केली. चाळीसहून अधिक सोनेरी गरुड जिवंत पकडून कॅलिफोर्नियाच्या पार ईशान्येला नेऊन सोडले. २००२ ते २००६ या काळात बाल्ड ईगलची साठेक पिल्लं आणून बेटांवर सोडली. २००६ मध्ये सांता क्रूझवर त्यांचं पिल्लू आपलं आपण अंड्यातून बाहेर आलं, उत्तरेकडच्या बेटांवर पन्नासहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच. आणि डुकरं मारली, पाच हजारांहून अधिक. ती मारू नयेत म्हणून लोक कोर्टात गेले होते. मला त्यांचं म्हणणं परकं वाटत नाही. डुकरांनी कुणाचं काही बिघडवायचं ठरवलं नव्हतं. त्यांना कुणीतरी आणून सोडलं आणि मग दीडशे वर्षांनी त्याची किंमत त्यांनी भरली. तरी पंधरा उरलेल्या खोकडांसमोर दुसरा निर्णय मला सुचत नाही. जबाबदारी घेणं म्हणजे कधी कधी असलं जड काम अंगावर घेणं, आणि ते इथल्या माणसांनी घेतलं.

२००४ मध्ये ‘संकटग्रस्त’ म्हणून कायद्याखाली आलेली इथल्या उत्तरेकडच्या तिन्ही बेटांवरची खोकडं २०१६ मध्ये त्या यादीतून बाहेर पडली. अमेरिकेच्या त्या कायद्याखाली इतक्या लवकर सावरलेला सस्तन प्राणी दुसरा नाही. आज सांता क्रूझवर त्यांची संख्या पुन्हा दीड हजाराच्या पुढे आहे. गळ्यातल्या पट्ट्यांवरून त्यांच्यावर लक्ष ठेवतात आणि काहींना रोगांच्या लशी टोचतात. आमच्या टेबलाशी आलेलं खोकड त्यांतलंच.

रात्री वारा दरीतून खाली आला. निलगिरीची पानं आणि साल तंबूवर सारखी पडत होती. जाड झोपपिशवी हवीच. मार्चमध्ये सात-आठ अंशांपर्यंत गारठा येतो. मेखा जमिनीत खोल ठोकाव्या, आणि तंबूत खाण्याचं काहीही ठेवू नये. तंबूबाहेर आल्यावर पूर्वेला अनाकापाच्या दीपगृहाची उघडझाप दिसते का ते बघायला आम्ही धक्क्यापर्यंत चालत गेलो. किनाऱ्यावरच्या शहरांचा उजेड क्षितिजावर पिवळट सांडला होता. वर मात्र तारे भरपूर.

सकाळी कॅव्हर्न पॉइंटची चढण. तंबूपासून फेरी तीनेक किलोमीटरची, पण सुरुवातीची वाट उभी. वर पोचल्यावर कड्याच्या खाली पाण्यात केल्पची तपकिरी जंगलं दिसतात. ही समुद्रवनस्पती अनुकूल पाण्यात दिवसाला अर्ध्या मीटरहून अधिक वाढते. स्कॉर्पियनचा समुद्र २००३ पासून राखीव आहे, तिथे मासेमारी चालत नाही. कयाक घेऊन कड्यांखालच्या गुहांत जाणाऱ्यांना हेल्मेट सक्तीचं. आमच्या डोळ्यांसमोर एक करडा देवमासा पिल्लासह उत्तरेकडे गेला. मेक्सिकोच्या उबदार खाड्यांत वीण करून ते या दिवसांत अलास्काकडे परततात. तिथून पुढे पोटॅटो हार्बरपर्यंतची कड्याकडेची सपाट वाट सगळ्यांत सुंदर. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, सावली नाही, पाणी बरोबर घ्यावं. दरीच्या वरच्या अंगाला गर्द निळा आयलंड जे पक्षी दिसला. मुख्य भूमीवरच्या भाऊबंदापेक्षा थोराड आणि रंगानं गडद, आणि जगात सांता क्रूझखेरीज कुठेच नाही.

दरीत आणि कड्यांवर शिंपल्यांचे थर मातीतून डोकावतात. ते उचलायचे नाहीत. ती चुमाशांच्या वस्तीची जागा आहे. आता तंबू आहेत तिथे स्वाहील नावाचं त्यांचं मोठं गाव होतं. बेटाच्या याच टोकाला मिळणाऱ्या चर्ट दगडाच्या बारीक सुयांनी ते शिंपल्यांचे मणी कोरत, आणि ते मणी दक्षिण कॅलिफोर्नियाभर चलन म्हणून चालत. व्यापार चाले तो तोमोल नावाच्या होड्यांनी. वाहून आलेल्या रेडवुडच्या फळ्या वनस्पतींच्या दोरांनी शिवायच्या आणि सांधे किनाऱ्यावर आपोआप उगवणाऱ्या डांबरात पाइनचा डिंक मिसळून भरायचे. युरोपीय आले ते गोवर आणि मिशनांची सक्ती घेऊन. १८२२ पर्यंत बेटावरचे सगळे चुमाश मुख्य भूमीवर नेले गेले होते.

२००१ च्या सप्टेंबरात चुमाशांनी नव्यानं बांधलेला तोमोल पहाटेच्या अंधारात किनाऱ्यावरून निघाला आणि वल्ही मारणारे आळीपाळीनं बदलत स्कॉर्पियनला लागला. त्यानंतर बहुतेक वर्षी ते येतात. होडीच्या आधी त्यांचे नातेवाईक, म्हातारेकोतारे आणि लेकरं बोटीनं येऊन याच निलगिरीखाली तंबू लावतात आणि होडी दिसली की किनाऱ्यावर उभे राहून गातात. त्या दिवसांत तंबूच्या बऱ्याच जागा त्यांच्याकडे असतात, तेव्हा सप्टेंबरात जायचं असेल तर तारखा आधी उद्यानाकडे विचाराव्यात. आणि कधीही गेलात तरी एका दिवसाचा शिधा जास्तीचा न्यावा. लाटा मोठ्या असल्या की बोट धक्क्याला लागत नाही आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं.